शाईत धरलेली एअर

रोजच्या वापरातली यंत्रं : लेखांक ९

वेंगुर्ल्याच्या बंदरातल्या एखाद्या होडीचं डिझेल भर समुद्रात संपलं, तर नुसती टाकी भरून इंजिन चालू होत नाही. इंजिनाने ‘एअर धरलेली’ असते, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा अडकलेली असते. मग पान्याने स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचा, फेसाळ डिझेल वाहून जाऊ द्यायचं आणि सलग धार लागली की स्क्रू आवळायचा. हे काम खलाशांना कुणी शिकवावं लागत नाही. पण हाच खलाशी मुलाच्या दाखल्यासाठी बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात येतो, तिथला रंगीत प्रिंटर पट्टे मारत असतो, आणि दुकानदार म्हणतो, ‘हेड सुकलं.’ बहुतेक वेळा हेड सुकलेलं नसतं. त्यानेही एअर धरलेली असते.

दोन्हीकडे कारण एकच आहे. द्रवावर दाब दिला तर तो दबत नाही, दाब जसाच्या तसा पुढे ढकलतो. हवा मात्र दबते. टाकीवाल्या अनेक प्रिंटरांच्या हेडमध्ये, म्हणजे कागदावर शाई उडवणाऱ्या भागात, प्रत्येक नोझलमागे पिझो नावाची पातळ चकती असते. विजेचा झटका बसला की ती किंचित वाकते, तिच्यामुळे शाईत दाबाची लाट उठते आणि नोझलमधून थेंब उडतो. हे सेकंदाला हजारो वेळा होतं. नोझलचं छिद्र साधारण २० मायक्रॉनचं, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढं. थेंब काही पिकोलिटरचा. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोलिटर. एवढ्याशा कप्प्यात हवेचा बारीक बुडबुडा शिरला, की पिझो वाकतो तेव्हा शाई पुढे सरकत नाही, बुडबुडाच आक्रसतो आणि पुन्हा फुगतो. कागदावर रेघ कोरी राहते.

सगळीच इंकजेट यंत्रं बुडबुड्याला भितात असं नाही. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकून लागलं आणि सुईतून शाई उडाली. त्यातून जे तंत्र निघालं, त्यात शाई क्षणार्धात तापवून वाफेचा बुडबुडा मुद्दाम तयार करतात आणि तोच थेंब ढकलतो. पण तो वाफेचा असतो, गार झाला की मिटून जातो. हवेचा बुडबुडा मिटत नाही, म्हणून तो या यंत्रांनाही नकोच असतो.

ही हवा येते कुठून? टाकी तळाला गेली तर नळीत हवा शिरते, हे उघड आहे. पण डोळ्यांना न दिसणारी हवा शाईत आधीच विरघळलेली असते. चुलीवर पाणी ठेवलं की उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधी भांड्याच्या कडेला बारीक मोत्यांसारखे बुडबुडे धरतात, ती ही हवा. साध्या पाण्यात नेहमीच्या तापमानाला त्याच्या आकारमानाच्या दीड-दोन टक्के हवा विरघळलेली असते. इंग्लंडमधल्या विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये दाखवून दिलं, की वरचा दाब जितका जास्त तितका वायू द्रवात जास्त विरघळतो. दाब कमी झाला की तो बाहेर येतो. तापमान वाढलं तरी बाहेर येतो.

हा नियम डोळ्यांसमोर ठेवला की दुकानात रोज होणारी एक चूक लक्षात येते. रेघा गायब दिसल्या की आपण ‘हेड क्लीनिंग’ दाबतो. यंत्र काय करतं? हेडखाली रबरी टोपी लावतं आणि पंपाने नोझलमधून शाई ओढतं. ओढणं म्हणजे दाब कमी करणं. हवेने भरलेली शाई जोराने ओढली तर तिच्यातल्या विरघळलेल्या हवेला बुडबुड्याच्या रूपात बाहेर पडायला वाव मिळतो. टोपीचं रबर नीट बसत नसेल, तर पंप शाईबरोबर बाहेरची हवाही ओढतो. म्हणून पाच-सहा वेळा लागोपाठ क्लीनिंग केल्यावर प्रिंट अधिकच बिघडते. शाई वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत, जाते, आणि पॅड भरल्याचा लाल दिवा लागला की नवा खर्च उभा राहतो.

आधी रोग ओळखावा. त्यासाठी नोझल चेकचे, म्हणजे प्रत्येक रंगाच्या पायऱ्यांसारख्या रेघा छापणाऱ्या चाचणीचे, दोन कागद काढायचे, मध्ये एकदा क्लीनिंग करायचं आणि ते कागद उजेडात शेजारी-शेजारी धरायचे. निळ्याची तिसरी पायरी दोन्ही कागदांवर त्याच जागी तुटलेली असेल, तर तिथे शाई सुकली आहे किंवा कचरा अडकला आहे. पहिल्या कागदावर निळ्याची तिसरी तुटलेली आणि दुसऱ्यावर ती भरून आलेली, पण सातवी-आठवी गेलेली, म्हणजे तुटक जागा सरकली, तर हवा आहे. पानाची सुरुवात झकास आणि खाली येता येता पिवळा फिका पडत गेला, तर शाई वरून पोचत नाहीये. हवेचा अडथळा नळीत किंवा हेडवरच्या जाळीपाशी शोधावा. भिजलेल्या बारीक जाळीतून शाई जाते, बुडबुडा सहजी जात नाही, तो तिथेच साचून राहतो.

हवेवरचं सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे थांबणं. एप्सनच्या टाकीवाल्या प्रिंटरांच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं, की तीन वेळा क्लीनिंग करूनही सुधारणा नसेल तर निदान १२ तास काही छापू नका, मग पुन्हा नोझल चेक करा. गिऱ्हाईक समोर उभं असताना हा सल्ला कुणाला पटत नाही. पण तो अगदी शास्त्रशुद्ध आहे. बुडबुडा जितका लहान तितकं त्याच्या पृष्ठभागाचं आकुंचन त्याला जास्त दाबतं. आतला दाब वाढला की हेन्रीच्या नियमाप्रमाणे त्याच्यातली हवा शाईत विरघळू लागते. बुडबुडा आणखी लहान होतो, दाब आणखी वाढतो, आणि शेवटी तो नाहीसा होतो. अट एकच: आजूबाजूच्या शाईत हवा मावायला जागा हवी. म्हणून कारखान्यात शाई निर्वात भांड्यात ठेवून तिच्यातली हवा काढतात, आणि म्हणूनच अनेक काडतुसं निर्वात पाकिटात येतात. ती पाकिटं आधीच फोडून ठेवू नयेत.

आपल्या किनाऱ्यावर आणखी दोन गोष्टी जपाव्यात. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की नोझल सुकायला वेळ लागतो, पण त्याच दिवसांत लाईट वरचेवर जाते. छापता छापता लाईट गेली की हेड वाटेतच उघडं राहतं, टोपीखाली परतत नाही. चतुर्थीच्या आधी आरत्यांची पुस्तकं, मंडळाच्या पावत्या, दशावताराच्या जाहिराती असं काम साचलेलं असताना हे हमखास घडतं. छोटा यूपीएस असेल तर उत्तम. नसेल तर वीज येताच प्रिंटर चालू करून हेड जागेवर जाऊ द्यावं. आणि रात्री दुकान बंद करताना भिंतीवरचं बटण दाबण्याआधी प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबावं; टोपी नीट लागते ती त्यामुळेच.

दुसरी गोष्ट बाटल्यांची. शाई कोल्हापूर-बेळगावकडून आली तर आंबोलीचा घाट उतरून, हिसके खात येते. शाई कागदात नीट मुरावी म्हणून तिच्यात साबणासारखी द्रव्यं असतात, त्यामुळे ती पटकन फेसाळते. आलेली बाटली रात्रभर उभी ठेवावी. पिगमेंट शाईचा रंग तळाला बसतो, ती हलवावी लागते. पण हलवणं म्हणजे खुळखुळा वाजवणं नव्हे, बाटली सावकाश चार-सहा वेळा उलटी-सुलटी करावी. टाकीत ओततानाही धार कडेने सोडावी. पातळी खालच्या रेघेच्या वर ठेवावी. प्रिंटर दुसऱ्या जागी न्यायचा असेल तर तो आडवा-तिरका करू नये. आणि महिनोन्महिने बंद ठेवू नये, कारण प्लास्टिकच्या नळीच्या भिंतीतूनसुद्धा हवा हळूहळू आत झिरपते.

फ्लेक्स आणि कापडावर छापणाऱ्या मोठ्या यंत्रांना १२ तास थांबणं परवडत नाही. अशा काही यंत्रांत शाईच्या वाटेवरच हवा काढणारा नळा बसवतात. त्यात पोकळ धाग्यांचा जुडगा असतो. धाग्यांच्या भिंतीतून वायू जातो, शाई जात नाही. एका बाजूने शाई वाहते, दुसऱ्या बाजूला निर्वात पंप चालू असतो, आणि वाहता वाहता हवा ओढली जाते. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी ओसे या कंपनीबरोबर काम करून २००६ मध्ये दाखवलं, की नोझलच्या तोंडाशी चिकटलेला धुळीचा कण किंवा शाईचा पातळ थर हवा आत ओढली जायला निमित्त ठरतो. एकदा आत गेलेला बुडबुडा दाबाच्या लाटांमध्ये शाईतली हवा शोषत वाढत जातो. छापत राहिलात तर तो मोठा होतो, थांबलात तर विरतो. त्यांनी थेंब ढकलणाऱ्या पिझोलाच कान बनवलं: थेंब उडाल्यावर कप्प्यात उरलेली थरथर त्याच्याकडून मोजून घेतली, की आत हवा आहे की नाही ते कळतं, कागद खर्च न करता.

पुढच्या आठवड्यात : लॅमिनेशनच्या यंत्रात सुरकुती का पडते?