बारा लाख तीनशे चौतीस

१२,००,३३४. हा २०११ च्या जनगणनेतला भंडारा जिल्ह्याच्या लोकसंख्येचा आकडा. त्यातला शेवटचा ४ बघा. 'सुमारे बारा लाख' म्हणून सुटका करून घेता आली असती! पण तुमसरपासून लाखांदूरपर्यंत सातही तालुके पालथे घातले आणि शेवटी हा ४ लिहिला. माणसं काय धानाची पोती आहेत, रचून मोजायला? कुणी कामासाठी नागपूरला गेलेलं, कुणी आत्ताच जन्मलेलं, कुणी आत्ताच गेलेलं. मग हा ४ सापडला कसा?

सुरुवात होते एका नजरी नकाशापासून. शाळेतले गुरुजी किंवा मॅडम, म्हणजे सरकारी भाषेत प्रगणक, आपल्या वाट्याच्या वस्तीत फिरून बोळ, विहीर, देऊळ कागदावर मांडतात आणि दारोदार क्रमांक घालतात. घर सुटायला नको आणि दोनदा यायलाही नको.

पण कुटुंब ओळखायचं कशावरून? आडनावावरून की छपरावरून? जनगणनेची व्याख्या आजीच्या तोंडी शोभावी अशी आहे: चूल! एका चुलीवरचं जेवतात, ते एक कुटुंब. वाडा एकच, पण भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या की कुटुंबं दोन.

खरी कमाल मात्र पुढेच आहे. मोजणी चालली ९ ते २८ फेब्रुवारी, असे वीस दिवस; आकडा मात्र एकाच क्षणाचा. १ मार्च २०११ सुरू होतानाची मध्यरात्र! १ ते ५ मार्च प्रगणक पुन्हा त्याच दारांवर गेले: मधल्या दिवसांत कुणी जन्मलं का? कुणी गेलं का? २८ फेब्रुवारीला रात्री पावणेबाराला जन्मलेलं बाळ आकड्यात आलं. सव्वाबाराला जन्मलेलं बाहेर राहिलं. ज्यांना घरच नाही, त्यांना त्याच रात्री बसस्थानकावर, पुलाखाली, जिथे झोपले तिथे गाठून मोजलं.

इंग्रजांच्या काळात, १८८१ पासून १९३१ पर्यंत, ही मोजणी बहुतेक ठिकाणी खरोखरच एका रात्रीत उरकत. त्यासाठी रात्र निवडताना आभाळात चांदणं असेल हे पाहत. विजेचे दिवे नसलेल्या गावांत कंदील घेऊन फिरणाऱ्याला तेवढीच चंद्राची सोबत!

एवढं सगळं सांगायचं, तर ते जपणार कोण? जनगणना अधिनियम, १९४८. तुमचा भरलेला तक्ता कुणालाही उघडून बघता येत नाही. दिवाणी खटल्यात, किंवा याच कायद्याखालचा गुन्हा सोडून इतर फौजदारी खटल्यात, तो तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. प्रगणकाने माहिती फोडली, तर त्याच्यावरच खटला. आणि याच कायद्यात एक लोभस सवलत आहे: रूढीमुळे नवऱ्याचं नाव घेता येत नसेल, तर बाईवर ते सांगण्याची सक्ती नाही. जे नाव उखाण्यातच घ्यायचं, ते सरकारही जबरदस्तीने वदवून घेत नाही!

मग सुरू होते गोळा झालेल्या माहितीची घुसळण. भाषेचंच बघा. लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची नावं भरली तब्बल १९,५६९. कुणी बोलीचं नाव सांगितलं, कुणी गावाचं, कुणी जातीचं. छाननी होत होत शेवटी भाषा उरल्या १२१.

या घुसळणीतून वर येतं ते लोणी सगळ्यांचं. कुठल्या गावात किती बायका, किती मुलं, किती साक्षर, किती शेतमजूर, हे कुणीही फुकट पाहू शकतो. आपल्याकडच्या रिठी गावांनाही, जिथे आता एकही चूल पेटत नाही, स्वतःचा क्रमांक असतो आणि लोकसंख्येच्या रकान्यात शून्य. गाव उठलं, तरी यादीतली त्याची जागा शाबूत!

म्हणजे जनगणना तुमचं नाव विचारते ते माणूस सुटू नये म्हणून, आणि आकडा बाहेर देताना ते आतच ठेवते. पुढची मध्यरात्र ठरली आहे: १ मार्च २०२७. या वेळी गुरुजींच्या हातात कागदाऐवजी मोबाइल असेल, पण प्रश्न तोच: या चुलीवर किती जण जेवता?

आणि तो शेवटचा ४? त्यात पावणेबाराला जन्मलेलं एखादं बाळही असेल. कुणाचं, ते जनगणना कधीच सांगणार नाही.