कॅमेऱ्याची बॉडी बदलतांना

दहा-बारा वर्षांपूर्वीं हौसेनें घेतलेला डिजिटल कॅमेरा आज अनेक घरांत कपाटांतल्या पेटींत पडलेला असतो. त्याच्यासोबत दोन लेन्स असतात, एक कडक झालेला पट्टा असतो, आणि आतां हा बदलावा असें म्हणणारीं एक-दोन तरुण माणसेंहि असतात. आमच्या जानेफळासारख्या गांवींहि लग्नसराईच्या आधीं हा विषय हटकून निघतो. रक्कम लहान नसते. एकत्र कुटुंबांत तीच रक्कम शेताच्या कुंपणास, धाकटीच्या शिक्षणास किंवा आजीच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेस लागणारी असते. म्हणून ती खर्चण्यापूर्वीं घरच्या सर्व मंडळींनीं विषय समजून घ्यावा, या हेतूनें हें लिहीत आहों.

ज्या कॅमेऱ्यांविषयीं येथें बोलावयाचें आहे त्यांना क्रॉप सेन्सरचे कॅमेरे म्हणतात. नांव ऐकून कांहीं तरी कापलेलें, उणें, असा ग्रह होतो. वस्तुस्थिति अशी कीं जुन्या ३५ मि.मी. फिल्मची चौकट ३६ × २४ मि.मी. होती, आणि तेवढ्या सेन्सराला फुल फ्रेम म्हणतात. निकॉन, सोनी व फुजीफिल्म यांच्या क्रॉप सेन्सराचें माप सुमारें २३.५ × १५.६ मि.मी. आहे, कॅननचें थोडें लहान, २२.३ × १४.९. चौकट लहान असल्यामुळें ५० मि.मी.ची लेन्स फुल फ्रेमवरील ७५ मि.मी.सारखी दृष्टि देते आणि २०० ची ३०० सारखी. लोणारच्या काठावर पक्षी टिपणाऱ्यास हा लाभच आहे. माजघरांत सारें कुटुंब एका चौकटींत बसवूं पाहणाऱ्याची मात्र पाठ भिंतीला टेकते, आणि तरीहि एक काका बाहेर राहतात.

बॉडीचा विचार करण्यापूर्वीं जुनीं चित्रें संगणकावर उघडावीं आणि तीं कोठें बिघडलीं तें पाहावें. बहुतेक घरीं दोष एकाच ठिकाणीं सांपडतो: घरांतल्या मंद प्रकाशांत, हलत्या माणसांवर. मंगळागौरीची रात्र घ्या. फुगडीला वेग आलेला, छताला एक दिवा, आणि कॅमेऱ्यावर बॉडीबरोबर आलेली ती १८-५५ ची लेन्स. ५५ च्या टोकाला तिचें छिद्र एफ ५.६ च्या पलीकडे उघडत नाहीं. त्याऐवजीं ५० मि.मी. एफ १.८ ची, झूम नसलेली साधी लेन्स लावली तर प्रकाश किती अधिक येईल? ५.६ ला १.८ नें भागून आलेल्या अंकाचा वर्ग करावा. उत्तर नऊपटीहून अधिक येतें. म्हणजे जें चित्र सेकंदाच्या पंधराव्या भागांत घ्यावें लागे आणि म्हणून पुसट होई, तेंच सव्वाशेव्या भागांत घेतां येतें, व खेळणाऱ्या मुलींचे चेहरे ओळखूं येतात. (छिद्र मोठें केलें कीं मागचीं माणसें धूसर होतात, सर्व कुटुंबाच्या समूहचित्रास ही युक्ति नको.) नवी बॉडी या बाबतींत काय देते? सेन्सराचें क्षेत्रफळ तेंच राहतें, आणि दहा वर्षांपूर्वींचा सेन्सरहि आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा मोठा भाग टिपीत होताच. नऊपट तर सोडाच, दुप्पट सुधारणाहि तेथून निघणें कठीण. ज्या घरीं अशी एक लेन्स नाहीं, त्या घरानें बॉडी बदलण्याचा बेत तूर्त बाजूला ठेवावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तथापि नव्या बॉडींत खरोखर नवें असें कांहीं आहे, तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. जुन्या कॅमेऱ्यांत लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर पडून वर डोळ्याकडे जातो, आणि फोकस साधणारा वेगळा भाग तळाशीं असतो. त्याचे बिंदु मोजके व मध्याजवळ गोळा झालेले. आरसा काढून टाकलेल्या कॅमेऱ्यांत फोकस सेन्सरावरच साधला जातो. त्यामुळें चौकटीच्या बहुतेक भागांत माणसाचा डोळा शोधून त्याचा पाठपुरावा करणें यंत्राला जमतें. मुंजींत बटु भिक्षावळीसाठीं एकीकडून दुसरीकडे फिरत असतो, तेव्हां या सोयीचें मोल कळतें.

दुसरी सोय सेन्सर हलवून हाताचा कंप झांकण्याची. ती कॅननच्या आर-७, सोनीच्या ए-६७०० व फुजीफिल्मच्या एक्स-टी-५ या बॉडींत आहे. कॅननच्या आर-१० व निकॉनच्या झेड-५०-टू यांत नाहीं. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचें अंधारांतलें कोरीव छत टिपावयाचें असेल तर ती फार उपयोगी पडते, कारण दगड हालत नाहीं. फुगडीला तिचा उपयोग नाहीं. तेथें मुली हालत असतात. मेगापिक्सेलविषयीं एवढेंच सांगतों कीं २४ चे ४० झाले तरी चित्राची रुंदी जेमतेम २९ टक्के वाढते. २४ मेगापिक्सेलचें चित्र इंचाला ३०० ठिपके धरून २० इंच रुंद छापतां येतें, आणि तेवढें चित्र भिंतीवर लावलेलीं घरें आम्हांस फार आढळलीं नाहींत.

आतां मुख्य गोष्ट. गीतेंतला जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त येथें बरोबर लागू पडतो: बॉडी हें वस्त्र, लेन्स हा त्यांतला देही. बॉडी आठ-दहा वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स मुलाच्या हातीं जाते. पण लेन्स बॉडीला जेथें जडते त्या कड्याला माउंट म्हणतात, आणि तें कडें कुळासारखें असतें. एका कुळांतली लेन्स दुसऱ्या कुळांत सहज खपत नाहीं. निकॉननें आपला एफ माउंट १९५९ पासून चालविला. कॅनननें १९८७ सालीं जुना सोडून ईएफ हा नवा आणला, आणि आधींच्या लेन्स मागें राहिल्या. २०१८ सालीं दोघांनींहि आरसाविरहित कॅमेऱ्यांसाठीं नवे माउंट काढले, झेड व आरएफ. २०२० नंतर या दोन कंपन्यांनीं आरशाची एकहि नवी बॉडी बाजारांत आणलेली नाहीं. कॅननचाच ईएफ-एम हा तिसरा माउंट २०१२ सालीं निघाला व २०२३ मध्यें त्याचें उत्पादन थांबलें. त्याच्या लेन्स आरएफच्या बॉडीवर बसत नाहींत. ज्यांनीं त्या हौसेनें जमविल्या त्यांच्या घरीं काय झालें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

आरशाच्या लेन्स नव्या बॉडीवर अडॅप्टरनें बसतात, याचें कारण साधें आहे. निकॉनच्या एफ माउंटमध्यें कडें आणि सेन्सर यांत ४६.५ मि.मी. अंतर असतें, झेडमध्यें १६. मधले साडेतीस मिलिमीटर ती रिकामी नळी भरून काढते. उलट बाजूनें मात्र वाट नाहीं.

समजा घरीं निकॉनची डी-५३०० आहे. ही २०१३ ची बॉडी. तिच्यांत फोकस फिरविणारी मोटर नाहीं. फिल्मच्या काळांतल्या, स्वतःची मोटर नसलेल्या ‘डी’ जातीच्या लेन्स काकांनीं जपून ठेवल्या असतील, तर वापरलेली डी-७५०० शोधावी. तिच्या आंत मोटर आहे. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्यें ती नसल्यामुळें झेडच्या बॉडीवर त्याच लेन्सचा फोकस हातानें फिरवावा लागेल. घरीं केवळ १८-५५ व ५५-२०० असल्यास त्या मोहासाठीं जुन्या कुळांत राहण्याचें कारण नाहीं. झेड-५०-टूकडे वळावें आणि पहिल्याच खरेदींत एक मोठ्या छिद्राची लेन्स घ्यावी. कॅननवाल्यांची अडचण कमी: ईएफ व ईएफ-एस लेन्सचा फोकस कंपनीच्या अडॅप्टरवर आपोआप चालतो. बॅटरीचा हिशेब मात्र आधींच करावा. डी-७५०० एका भारांत ठराविक चांचणीप्रमाणें ९५० चित्रें घेते, झेड-५०-टू अडीचशेंच्या आंतबाहेर. लग्नाच्या दिवशीं वीज गेली तर हा फरक मांडवांतच कळतो. तेव्हां जादा बॅटऱ्या किंमतींतच धराव्या.

वापरलेली बॉडी घेण्यांत कमीपणा नाहीं. शटर किती वेळां चाललें तें विचारावें. डी-७५०० चें शटर दीड लाख वेळांसाठीं पारखलेलें असतें. छिद्र एफ १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचें एक चित्र घ्यावें, म्हणजे सेन्सरावरची धूळ वा डाग काळे ठिपके होऊन दिसतात. लेन्स लावून हलकेच हलवावी; कडें सैल असेल तर तेथेंच नमस्कार करावा. आणि अकोल्याला किंवा संभाजीनगरला खरेदीस जातांना घरच्या वहिनींना बरोबर न्यावें. समारंभांत कॅमेरा बहुधा त्यांच्याच हातीं येतो. पकड त्यांच्या बोटांना पुरते कीं नाहीं, आणि चष्मा लावून दर्शकांत चारहि कोपरे दिसतात कीं नाहीं, तें दुकानांत त्यांनींच पाहावें.