खाडीपलीकडचा स्विच

मॅनेज्ड स्विचला हुकूम देण्याच्या वाटा दोन जातींच्या: एक कन्सोल पोर्टला केबल लावून थेट, आणि बाकीच्या सगळ्या नेटवर्कवरून. निवड करताना बहुतेक ठिकाणी सोयीचाच विचार होतो. मनोरीत तेवढ्याने भागत नाही. गाव मुंबई महापालिकेच्या हद्दीत असले, तरी मालाडहून यायचे तर मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोट, नाहीतर भाईंदर-उत्तनचा लांबचा वळसा. इथल्या एखाद्या रिसॉर्टमधला स्विच रात्री अबोल झाला, तर तंत्रज्ञ त्याच्यापर्यंत पोहोचणार कसा, हे आधी ठरवावे लागते.

नेटवर्कवरच्या वाटांपैकी टेलनेट बंदच ठेवावे. त्यात पासवर्ड उघडा जातो. पासवर्ड चोरण्याच्या अशाच एका हल्ल्यानंतर १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी एसएसएच तयार केले. आज रोजच्या कामाला तेच योग्य. ब्राउझरमधले पान एक-दोन स्विचपुरते ठीक. एसएनएमपी मुख्यतः पाळत ठेवण्यासाठी. तेही आवृत्ती ३ चे, कारण आधीच्या आवृत्त्यांत सांकेतिक शब्द उघडाच फिरतो. क्लाउडवरून चालणारे स्विच स्वतःच बाहेर संपर्क साधतात, त्यामुळे फायरवॉलमध्ये बाहेरून आत येणारी वाट उघडावी लागत नाही. मात्र इंटरनेट गेले की पडद्यावरचा ताबाही जातो, स्विच आपले काम करत राहिला तरी.

दुरून काम करताना खरा धोका चोराचा नसून स्वतःच्या हाताचा असतो. अपलिंकवर चुकीचा व्हीलॅन पडला की बसलेली फांदीच तुटते. यावर सिस्कोच्या बऱ्याच स्विचवर ‘रीलोड इन १०’ हा हुकूम बदलाआधी देतात: बदल सेव्ह न करता दहा मिनिटे गेली, तर स्विच जुन्या कॉन्फिगरेशनसह पुन्हा सुरू होतो. सगळे जमले, तर रीलोड रद्द करून मगच सेव्ह करायचे. ज्युनिपरचा ‘कमिट कन्फर्म्ड’ अधिक सभ्य. तो रीस्टार्ट न करताच मागे फिरतो.

कन्सोलला मात्र आयपी पत्ताही लागत नाही. म्हणून मनोरीसारख्या ठिकाणी कन्सोल पोर्टला ४जी मोडेम असलेला कन्सोल सर्व्हर जोडणे हा खर्च नव्हे, वाचलेली बोटफेरी आहे. त्यातले सिम मुख्य इंटरनेट देणाऱ्या कंपनीचे नसावे, आणि त्याची वीज यूपीएसवर असावी.