संक्रांतीचे वाण : दुकानातले नको, घरातले द्या



गळीत हंगाम ऐन भरात असतो आणि संक्रांत दारात येऊन उभी राहते. घरधनी तोडीच्या पाळीची वाट बघत असतो, रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला धावत असतो. घरातल्या बायकांपुढे मात्र निराळाच प्रश्न असतो : "काय गं, यंदा काय लुटणार?" हा प्रश्न नळावर निघतो, बचत गटाच्या बैठकीत निघतो, आणि मग तालुक्याच्या बाजारात डझनाच्या भावाने प्लास्टिकचे डबे, गाळण्या, कुंकवाच्या डब्या यांची खरेदी होते.

आता जरा हिशेब मांडू. समजा हळदीकुंकवाला पन्नास जणी आल्या आणि वस्तू वीस रुपयांची. झाले हजार रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. म्हणजे एका संध्याकाळी जवळजवळ तीन क्विंटल ऊस आपण वाटून टाकला, आणि तोसुद्धा तोडणी-वाहतूक वजा व्हायच्या आधीच्या भावाने! उसाचे बिल १४ दिवसांत द्यावे असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेले आहे, पण संक्रांत काही बिलासाठी थांबत नाही. ज्याचा ऊस अजून फडात उभा आहे त्याच्या घरची खरेदी उधारीवर होते. त्यात "शेजारच्या काकूंनी स्टीलची वाटी दिली, आता आपण गाळणी कशी द्यायची?" ही ओढाताण. असे करत वाणाचा आकडा दरवर्षी वर सरकतो, आणि ते डबे? मांडणीवर एकात एक घालून ठेवलेले असतात. पुढच्या वर्षी त्यातलेच दोन-चार दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत जातात.

खरे पाहिले तर आपले जुने वाण दुकानातले नव्हतेच. सुगडात काय घालतो ते आठवा. उसाची पेरे, गाजर, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, तीळगूळ. कुंभाराचे सुगड तेवढे विकत घ्यायचे, बाकी सगळे रानातले. जानेवारीत शेतात जे हाताशी आले ते पाच घरी पोचवायचे, एवढाच तो व्यवहार. तेव्हा घरचे वाण देणे यात कमीपणा वाटायचे कारणच नाही. उलट दुकानातले वाण हीच अलीकडची रीत आहे.

तिळगुळाचे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. अर्धा किलो तीळ, अर्धा किलो चिक्कीचा गूळ, पाव किलो दाण्याचे जाडसर कूट, वाटीभर भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा कीस आणि वेलची-जायफळ. एवढ्यात सुपारीएवढे शंभराच्या आसपास लाडू होतात. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकावा, त्याची गोळी ताटलीवर आपटली की टण्ण वाजली पाहिजे. मऊ वडी हवी असेल तर त्याआधीच, गोळी बोटाने दबते आहे तोवर कढई उतरवावी. साध्या गुळाचा लाडू घट्ट बसत नाही, तो गूळ पोळीला ठेवावा. पाच-पाच लाडू जुन्या वहीच्या नव्हे, कोऱ्या कागदाच्या पुडीत बांधून दिले की झाले वाण. छापील कागदाची शाई खाण्याला लागते, तो वापरू नये.

खरा कस लागतो तो हलव्याला. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी आणि हलव्याचे दागिने, जावयाला हलव्याचा हार आणि नारळ, बाळाच्या बोरन्हाणाला छोटे दागिने, हे आपल्याकडे चालत आले आहे. तयार सेट बाजारात मिळतो, पण किंमत ऐकून पुन्हा ठेवून द्यावासा वाटतो. घरी केला तर लागते काय? साखर, आणि ती सभासदाच्या घरात असतेच. कारखान्याची सवलतीची साखर एरवी चहातच संपते, त्यातली पाव किलो बाजूला काढावी.

साखर बुडेल इतके पाणी घालून एकतारी पाक करावा. उकळताना चमचाभर दूध घातले की मळी वर येते, ती काढून पाक फडक्यातून गाळून घ्यावा. परातीत दोन चमचे पॉलिशचे पांढरे तीळ घेऊन परात मंद विस्तवावर ठेवावी. पूर्वी शेगडीत निखारे असत, आता गॅस अगदी बारीक करून त्यावर तवा आणि तव्यावर परात ठेवतात. मग अर्धा चमचा पाक घालायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ हलवत राहायचे. पाक सुकला, दाणे सुटे झाले, की पुन्हा अर्धा चमचा. घाई करून चमचाभर ओतला की सगळ्याचा गोळा झालाच म्हणून समजा. पहिल्या दिवशी दाण्याला नुसता पांढरा लेप बसतो आणि करणारीला वाटते, हे काही जमायचे नाही. रात्री पातळ कापड झाकून ठेवावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काटे दिसू लागतात. काटा चांगला यायला थंड, कोरडी हवा लागते, म्हणून हे काम पहाटेचे. बोटे भाजतात हे खरे. पण आजीने ज्या परातीत हलवा केला त्याच परातीत नातसुनेसाठी काटा फुललेला पाहायला मिळाला, तर त्या भाजण्याचे काही वाटत नाही, असे हलवा करणाऱ्या बायका सांगतात आणि मला ते पटते.

दागिने करताना दाण्याला सुई लावू नये, दाणा फुटतो. पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारून एकेक दाणा ओवत जावा. आता पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवतात, ते लवकर होते आणि दिसतेही छान. पण असे दागिने खायचे नसतात, हे घरातल्या पोरांना आधीच बजावून ठेवावे. बोरन्हाणाचे दागिने मात्र दोऱ्याचेच करावेत. आणि ज्याला नीट चावता येत नाही अशा बाळाच्या तोंडात हलव्याचा दाणा किंवा अख्खे बोर जाऊ देऊ नये. चार बायका उखाण्यात रंगलेल्या असतात, लक्ष राहत नाही.

ज्यांना इतका वेळ नाही त्यांनी बियाणे द्यावे. शेतकरी बियाण्यालाही वाणच म्हणतो, तेव्हा वाण म्हणून वाण देण्यात गंमत आहेच! दुधी, दोडका, कारले, भेंडी, गवार यांची उन्हाळी लागण जानेवारी-फेब्रुवारीत होते, म्हणजे संक्रांतीला दिलेले बी रथसप्तमीपर्यंत परसात पडते. राखेत घोळवून ठेवलेले घरचे गावरान बी असावे. संकरित वेलाचे धरलेले बी देऊ नका, दुसऱ्या पिढीला त्याला कसली फळे लागतील याचा भरवसा नसतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच गावरान बी घरात जपले, वाटले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण निदान चार बिया तरी पुडीत बांधू. गवती चहाचा ठोंब फोडून, कढीपत्त्याचे मुळाशी फुटलेले रोप काढून, धुतलेल्या दुधाच्या पिशवीत लावून दिले तरी चालते. त्याला खर्च शून्य.

शिवणकाम येणाऱ्यांसाठी जुनी लुगडी आहेतच. एका साडीत पाच-सहा पिशव्या सहज निघतात, भाकरी बांधायची फडकी तर ढिगाने. २०१८ पासून राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, ती बाजारात कितपत दिसते ते आपण पाहतोच. पण कापडी पिशवी कुणी टाकून देत नाही. लेकीच्या बाळासाठी दुपटे शिवायचे असेल तर मऊ पडलेले सुती लुगडेच घ्यावे, नायलॉनचे नको. वाकळ हे मोठे काम आहे, त्याला दिवाळीनंतर लगेच बसावे लागते.

शिकायला बाहेरगावी असलेल्या मुलांसाठी गुळाच्या पोळ्यांसारखी भेट नाही. आठवडाभर टिकतात, एसटीतून जातात, आणि वसतिगृहात डबा उघडल्यावर शिल्लक किती राहतात हे विचारायचे नसते. पुरुषांनीही आपल्या मित्रांना काहीतरी द्यावे, नुसते "तीळगूळ घ्या" म्हणून पुढे जाऊ नये. काकवीची बाटली ही फार चांगली भेट आहे. कारखान्याच्या पत्रिकेत गुऱ्हाळाची तरफदारी केलेली चेअरमनसाहेबांना चालेल की नाही, ते मात्र मला सांगता येणार नाही!

वाण काय द्यावे इतकाच, किंबहुना त्याहून मोठा प्रश्न ते कुणाला द्यावे हा आहे. ज्या बाईचा नवरा गेला ती हळदीकुंकवाच्या दिवशी दार लोटून आत बसते. तीच बाई वर्षभर सात-बारा सांभाळते, सोसायटीचे कर्ज फेडते, कित्येक ठिकाणी ती स्वतः कारखान्याची सभासद असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, म्हणजे ऐन उसाच्या मुलखात, हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही तसे करावे असे सुचवले. ठराव ग्रामसभेत होतो, पण आमंत्रण बाईनेच बाईला द्यावे लागते. कुंकू लावायला कुणाची सासू अडवत असेल तर आधी बी द्या, तीळगूळ द्या, पिशवी द्या. बियाला सवाष्ण-विधवा कळत नाही. "वहिनी, या की आत, तुमच्यासाठी दुधीचं बी ठेवलंय," एवढे म्हटले तरी पुष्कळ झाले.

आणि आपल्या फडात कोपी करून राहिलेली माणसे? बीडकडून, मराठवाड्याच्या इतर भागांतून जोडपी येतात, उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता. त्यांची भोगीही उसातच होते आणि संक्रांतही. त्या बाईला गाळणी देऊन काय उपयोग? थंडीत वाकळ लागते, पहाटे फडात न्यायला भाकरीचे फडके लागते, लेकरांना लाडू लागतात. लुगडे जुने असले तरी धुऊन, नीट घडी घालून, सुगडाबरोबर हातात द्यावे. बांधावर ठेवून येऊ नये. तिने आपल्या बाजरीची तीळ लावलेली भाकरी पुढे केली तर ती घ्यावी, तेही वाणच आहे.

हलवा करायचा असेल त्यांनी निदान आठवडाभर आधी परात काढावी. लाडू दोन दिवस आधी वळले तरी चालतात. संक्रांत बहुधा १४ जानेवारीला येते, कधी १५ ला, जशी २०२४ साली आली. आणि हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते, तेव्हा मागे पडलेल्यांनी घाबरून बाजार गाठू नये. ज्यांच्या फडाची तोड संक्रांतीच्या आधी येणार आहे त्यांनी टोळीला सांगून कडेचे दोन-चार ऊस राखून ठेवावेत. एकदा ट्रॉली भरून काट्यावर गेली, की सुगडात घालायला पेरही शेजाऱ्याकडे मागावे लागते.