फल म्हणजे काय ?

बीजगणित शिकणाऱ्या मुलांस 'फल' म्हणजे काय असें विचारलें, तर तीं बहुधा एखादें सूत्र म्हणून दाखवितात. परंतु एका राशीची किंमत ठरली कीं दुसरीची एक आणि एकच किंमत निश्चित होते, असा जो संबंध, त्यास फल म्हणतात. त्यास सूत्राची आवश्यकता नाहीं, हें १८३७ मध्यें डिरिक्ले या जर्मन गणितज्ञानें स्पष्ट केलें. ४ चें वर्गमूळ +२ व −२ असें दुहेरी सांगितलें तर तें फल होत नाहीं. धन मूळच घ्यावयाचें असा निर्बंध घातला म्हणजे होतें. उलट २ व −२ या दोहोंचा वर्ग ४ च आला, तरी हरकत नाहीं.

फल किती वेगानें बदलतें, हा कलनशास्त्राचा प्रश्न. उंचावरून सोडलेला दगड सेकंदांच्या वर्गाच्या सुमारें ५ पट मीटर पडतो : २ सेकंदांत २०, ३ सेकंदांत ४५. या मधल्या सेकंदांतील सरासरी वेग २५. काळ २ ते २.१ सेकंद इतका आखडला तर २०.५, २ ते २.०१ घेतला तर २०.०५. हे आंकडे ज्या २० कडे सरकतात, तोच त्या क्षणींचा वेग. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त केलेला ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार याच जातीचा आहे.

घरांतील वडीलधाऱ्यांस आमची विनंती इतकीच कीं, सूत्रें घोकवून घेण्यापूर्वीं मुलामुलींस 'काय ठरलें म्हणजे काय ठरतें ?' एवढें विचारावें. याचें उत्तर ज्यास देतां आलें, त्यास पुढील गणिताचें भय उरत नाहीं.