उसाच्या बिलाचे दिवस मोजताना

कागल भागात ऊस कारखान्याला गेला की घरात एकच विचारणा, बिल कधी? 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, लेखी करारात वेगळं ठरलं नसेल तर ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे. उशिराच्या दिवसांना दरसाल 15 टक्के व्याज.

हे दिवस मोबाईलमधली शीट मोजते. तिच्या लेखी तारीख म्हणजे नुसता आकडा. 20 जानेवारी 2025 म्हणजे 45677. पहिल्या रकान्यात वजनपावतीची ही तारीख घाला. दुसऱ्यात बरोबरचं चिन्ह, पहिला रकाना, अधिक 14. येईल 3 फेब्रुवारी. तारखेऐवजी 45691 दिसलं तर घाबरू नका, रकान्याला तारखेचं रूप द्या. बिल 5 मार्चला जमा झालं? त्यातून 3 फेब्रुवारी वजा करा, 30 दिवस. फेब्रुवारी 28 चा की 29 चा, ते तीच बघते. लाखाच्या बिलावर व्याज सुमारे 1,233 रुपये.

एक मात्र जपा. शीट अमेरिकी पद्धतीवर असेल तर 05/03 ला ती 3 मे समजते, आणि 30 चे 89 दिवस होतात! असा हिशोब घेऊन कारखान्यात गेलं तर आपलंच हसं. म्हणून महिन्याचं नाव इंग्रजीत लिहा. तारीख रकान्यात डावीकडे चिकटली तर शीटनं तिला अक्षरं मानलंय, पुन्हा भरा.