विमान अडीच तासांचं, वाट दिवसभराची

मैत्रिणींनो, ‘नांदेडहून अमृतसर किती लांब?’ असं कुणी विचारलं, तर काय सांगाल? उत्तरं दोन आहेत. नकाशात दोन्ही गावांवर टाचण्या टोचून मध्ये दोरा ताणला, तर अंतर भरतं साधारण १,४०० किलोमीटर. थेट विमान असलं, तर ते जवळपास त्या दोऱ्याच्या वाटेनं जातं. सचखंड एक्स्प्रेस मात्र मनमाड, भुसावळ, भोपाळ, दिल्ली असा फेर घेत २,००० किलोमीटरहून जास्त धावते आणि तेहेतीस-पस्तीस तास घेते. डिसेंबर २०१७ मध्ये या दोन गावांना जोडणारं थेट विमान सुरू झालं, तेव्हा हीच वाट अडीच तासांवर आली.

पण हे अडीच तास नुसते हवेतले! घराच्या उंबऱ्यापासूनचा हिशोब मांडून बघा. लातूरला विमानतळ आहे, पण प्रवाशांसाठी नेमानं सुटणारी विमानं नाहीत. तेव्हा लातूरकर मैत्रिणीला आधी नांदेड गाठायला हवं. ते सुमारे १४० किलोमीटर, म्हणजे तीन तास. विमानतळावर दोन तास आधी हजर. हवेत अडीच तास. उतरल्यावर सामान घेऊन मुक्कामी पोचायला एक तास. झाले की साडेआठ! तरीही गाडीपेक्षा एक अख्खा दिवस वाचला.

मुंबईचं गणित वेगळं. लातूर ते मुंबई सरळ रेषेत चारशे किलोमीटरसुद्धा नाही. विमानाला ते तास-सव्वा तासाचं काम. पण त्यासाठी आधी उलट्या दिशेला नांदेडला जायचं, म्हणजे एकूण सात-सव्वासात तास मोडणार. लातूरहून रात्री सुटणारी मुंबईची गाडी नऊ-दहा तास घेते खरी, पण ते झोपेत जातात. पैसे वाचतात ते वेगळेच.

आणखी एक गोष्ट आपण हिशोबात धरतच नाही, ती म्हणजे वाट पाहण्याचे दिवस. लहान गावांतून विमान रोज असेलच असं नाही. समजा, नांदेडला राहणाऱ्या लेकीला मंगळवारी रात्री अमृतसरहून फोन आला, ‘बाबांना दवाखान्यात हलवलंय.’ विमान शुक्रवारी. अशा वेळी बुधवारी सकाळची सचखंड तिला गुरुवारी रात्रीच वडिलांच्या उशाशी नेऊन पोचवते. तिथे पस्तीस तासांची गाडीच जवळची ठरते.

म्हणून एक करा. किराण्याच्या वहीचं शेवटचं पान यासाठी राखून ठेवा. माहेर, लेकीचं घर, मुलाचं कॉलेज, प्रत्येकापुढे रेल्वेची वेळ, विमानाचे वार आणि दारापासून दारापर्यंतचे तास लिहा. विमानाच्या फेऱ्या सुरू होतात, बंदही पडतात. तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी चौकशी करून पान दुरुस्त करा. घाबरलेल्या मनाला हिशोब सुचत नाही, बाई. तो आधीच मांडलेला बरा.